औषधाआधीचा मलिदा

जवळा बाजार गावात कमलबाईंना मान होता, आणि तो मान त्यांच्या नातीच्या झटक्यांनी मिळवून दिलेला होता. असं कुणी तोंडावर बोललं असतं तर कमलबाईंनी त्याच्या घरातल्या सगळ्यांचं आजवरचं सगळं बाहेर काढलं असतं. पण होतं ते असंच होतं.

पुजा रांगायला लागली तेव्हा तिला पहिला झटका आला. आता ती चौथीत होती. मधल्या काळात नांदेडच्या डॉक्टरांनी एकामागून एक औषधं बदलून पाहिली, दोन-दोन एकत्र देऊन पाहिली. झटके काही ऐकेनात. आठवड्यात एखादा तरी ठरलेलाच, कधी दिवसाआड. आणि झटका येण्याआधी पुजाचा डावा अंगठा आपोआप मुठीत जायचा. ही खूण घरात एकट्या कमलबाईंना दिसायची. अंगठा आत गेला की त्या हातातलं काम टाकून पळायच्या, पोरीला कुशीवर निजवायच्या, डोक्याखाली पदराची घडी द्यायच्या. मग कांदा नाहीतर चप्पल हुंगवायला आलेल्या बायकांना हाकलायच्या. डॉक्टरांनी एकदा सांगितलं होतं की काही हुंगवू नका, तोंडात काही घालू नका, कुशीवर ठेवा आणि वाट बघा. तेव्हापासून या विषयात गावात कमलबाईंच्या वर कुणी नव्हतं.

पावसाळ्यात विहारात रोज दुपारी ग्रंथवाचन चालायचं. तिथं दाराजवळची, वारा येणारी जागा कमलबाईंची. शेजारी पोरीला आडवं करता येईल इतकी सतरंजी मोकळी सोडलेली. वाचता वाचता कुणी पुजाकडं घाबरून पाहिलं की दुसरी म्हणायची, कमलबाई हायत ना, मग काहून भेतीस. कमलबाई मान खाली घालून ऐकायच्या. मान खाली घातली म्हणजे हसू दिसत नाही.

पुजाची आई सपना ई-सेवा केंद्रात कामाला होती. कुणाचं आधार, कुणाचा पीकविमा. झटक्याची खबर तिच्यापर्यंत पोचायची, ती रस्ता ओलांडून धापा टाकत यायची, तोवर सगळं उरकलेलं असायचं. पोरगी झोपलेली, कमलबाई वारा घालत बसलेल्या. त्या हळू आवाजात म्हणायच्या, "झालं. निजली आता. जा तू कामावर." सांगणं मायेचं होतं. पण सपना दारातून परत फिरायची तेव्हा तिचा चेहरा कसा असायचा, हे कमलबाई नीट बघून घ्यायच्या. तेही त्यांना बरं वाटायचं.

मग उन्हाळ्यात बाटली आली.

त्या वेळी नांदेडला कमलबाईंचा मुलगा धम्मानंद, सून सपना आणि पुजा गेले, कमलबाई घरी राहिल्या. मुलानं सांगितलं की मोटारसायकलवर तिघंच मावतात. इतकी वर्षं त्याच मोटारसायकलवर तिघं मावताना तिसऱ्या कमलबाई असायच्या, सपना नसायची. पण हे त्याला कोण सांगणार.

परत आल्यावर सपनानं सगळं समजावून सांगितलं. इतकी औषधं करून न हटणाऱ्या झटक्यांसाठी हे नवीन औषध आहे. भांगेच्या झाडापासून काढतात, पण झिंग आणणारा भाग त्यात नाही. एखाद्या लेकराचे झटके पार थांबतात, एखाद्याचे निम्मे होतात, एखाद्याला उपयोग होत नाही. जुनी औषधं चालूच ठेवायची, रक्त तपासत राहायचं. सकाळ-संध्याकाळ बिनसुईच्या पिचकारीनं मोजून द्यायचं. जेवणानंतर द्यायचं, आणि औषधाआधीचं खाणं रोज एकसारखं ठेवायचं.

कमलबाईंनी यातलं भांगेचं झाड तेवढं घेतलं, बाकी सोडून दिलं.

"म्हंजे गांजाच की," त्या म्हणाल्या. "पंचशील घेणाऱ्या घरात. नशा न करायचं पाचवं शील कशाला घेतो आपुन?"

सपना म्हणाली, "आत्या, नशा येत नाही त्यानं. औषध आहे ते."

"दारू पिणारे बी औषधच म्हनतात."

धम्मानंद हसला, आणि ते कमलबाईंच्या बाजूनं जमा झालं. पण बाटली फडताळात बुद्धमूर्तीच्या खालच्या कप्प्यात गेली ती गेलीच. पिचकारी सपनाच्या हातात. सकाळी केंद्रावर जाण्याआधी ती पुजाला समोर बसवायची, थोडं दूध आणि चपाती खाऊ घालायची. मग पिचकारी उजेडात धरून, एक डोळा मिटून रेघ बघायची. हे एक डोळा मिटणं कमलबाईंना फार लागायचं. स्वतःला डॉक्टरीणबाई समजून राहिली.

महिना गेला, दुसरा लागला, आणि झटके कमी झाले. कमलबाई अंगठ्याकडं बघायच्या, अंगठा बाहेर. आठवडा कोरडा गेला, पंधरवडा कोरडा गेला. एखादा झटका यायचा, तोही भित्र्या पाहुण्यासारखा, आला तसा उठून जायचा. पुजा शेजारच्या पोरींबरोबर सायकल शिकली. दुकानात एकटी जाऊन मीठ घेऊन आली. कमलबाई मागून निघाल्या तर वळून म्हणाली, "आजी, तू नको ना येऊ. मी जाते."

कमलबाईंना आनंद झाला नाही असं नाही. झाला. पोरगी त्यांच्या हाडामांसाची होती, आणि एका पावसाळ्यात ती विहिरीच्या काठावरून पडता पडता वाचली तो दिवस त्या विसरल्या नव्हत्या. पण हा आनंद सपनाच्या हातून आला होता, आणि दुसऱ्याच्या हातून आलेला आनंद घशाखाली उतरताना जरा अडकतो. विहारात भिकाबाई सगळ्यांसमोर म्हणाली, "सपनानं काढलं बाई लेकरू बाहेर. असती एखादी तर रडत बसली असती." रडत कोण बसलं होतं आणि पदराची घडी कुणी केली होती, हे भिकाबाईला पुरतं माहीत होतं. पण माणसं शेवटी आलेल्याला बघतात. रविवारी सपना वाचनाला आली तर बायकांनी तिला दाराजवळ सरकून जागा दिली. त्या वाऱ्याच्या जागेवर. कमलबाई खांबाला टेकून बसल्या, आणि वाचन काय चाललं होतं ते त्यांच्या कानावरून गेलं.

एक गोष्ट मात्र खरी होती. पुजाची भूक कमी झाली होती. डॉक्टर म्हणाले होते की सुरुवातीला असं होतं. कमलबाईंना पोरीच्या खांद्याची हाडं दिसली, आणि हाडांच्या मधून त्यांना वाट दिसली.

रूपाबाईंच्या घरी म्हैस होती. त्यांच्याकडून कमलबाईंनी ताजं तूप आणलं. सकाळी सपना आंघोळीला गेली की त्या पुजाला मागच्या अंगणात धुण्याच्या दगडावर बसवायच्या. गरम भाकर कुस्करायची, गूळ फोडून घालायचा, वर तूप, बोटं बुडतील इतकं. मलिदा. पुजा लहान असताना झटक्यानंतर जाग आली की हाच मागायची. आता दुधाला तोंड फिरवणारी पोर मलिद्याला तोंड उघडायची, आजीच्या मांडीला रेलून खायची.

"मम्मीला सांगू नको," कमलबाई म्हणायच्या. "म्हनंल दात किडतेत."

पुजा हसून मान हलवायची. तिला आणि आजीला मिळून एक गुपित झालं, आणि गुपितात तिसऱ्याला जागा नसते. मलिदा संपवून पुजा आत जायची, सपनासमोर दोन घास चपाती चिवडायची, मग पिचकारी. सपना डोळा मिटून रेघ बघायची तेव्हा आता कमलबाईंना लागायचं नाही. बघ म्हणावं रेघ. पोट माझ्या हातचं भरलंय.

तूप रोज थोडं वाढत गेलं. बाजाराच्या दिवशी तर वाटीच्या तळाशी साचलं होतं.

पुढच्या आठवड्यात पुजा वर्गात झोपली. मंजुषा मॅडमनी दोन पोरींबरोबर घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी ती हापशाजवळ चालता चालता तिरकी गेली आणि पडली. झटका नव्हता तो, कमलबाईंनी अंगठा बघितला होता. पाय नुसते वळत होते, डोळे अर्धे मिटलेले, बोलणं जड. संध्याकाळी ताटावर बसल्या बसल्या मान खाली आली.

गावाला बोलायला एवढं पुरे झालं. धम्मानंद सोयाबीनचा टेम्पो चालवायचा. चौकात पोरांनी त्याला विचारलं, धम्मा, बाटली घरात हाय म्हनं, आमाला बी दोन थेंब देतोस का. भिकाबाईनं मागचं कौतुक गिळून टाकलं आणि म्हणाली, नशाच हाय ती, मला वाटलंच व्हतं. कमलबाई म्हणाल्या की आपण पहिल्याच दिवशी बोललो होतो, पण या घरात आपलं ऐकतो कोण. हे त्यांनी विहाराच्या पायरीवर सांगितलं, हापशावर सांगितलं, आणि रूपाबाईंकडं तूप आणायला गेल्या तिथंही सांगितलं.

रविवारी सकाळी धम्मानंदनं बाटली फडताळातून काढून ओट्यावर ठेवली. म्हणाला, आजपासून बंद, लोकं काय काय बोलून राहिले. सपना भांडली नाही. तिनं फोन काढला, डॉक्टरांना लावला, आवाज मोठा करून मध्ये ठेवला.

डॉक्टरांनी आधी दटावलं, की एकदम बंद करायचं नाही, झटके दुप्पट जोरानं परत येऊ शकतात. मग एकेक विचारत गेले. औषध जास्त गेलं का. सपना म्हणाली, रेघ बघूनच देते. दुसरं काही नवीन औषध, सर्दीखोकल्याचं? नाही. ताप? नाही.

"खाण्यात काही बदल? तूप, साय, तळलेलं? हे औषध चरबीच्या खाण्याबरोबर गेलं तर रक्तात कितीतरी पटीनं चढतं. मग अशीच गुंगी येते."

"नाही सर," सपना म्हणाली. "थोडं दूध, एक चपाती. रोज तेच. मी समोर बसून खाऊ घालते."

कमलबाई चुलीसमोर होत्या. भाकरीला पाणी लावत होत्या. त्यांनी त्याच भाकरीला दुसऱ्यांदा पाणी लावलं.

डॉक्टर म्हणाले, खाणं तेच असेल तर पोरीला हे औषध सोसत नसावं. आज मात्रा निम्मी करा, उद्या घेऊन या. गुंगी उतरली नाही तर हळूहळू बंद करावं लागेल. दुसरं काही आता हाताशी नाही, हेही ते बोलले. फोन ठेवल्यावर धम्मानंद म्हणाला, झालं तर मग, उद्या जाऊ आणि बंदच करून येऊ. सपना बाटलीकडं बघत बसली. तिच्या डोळ्यात पाणी नव्हतं, आणि तेच कमलबाईंना बघवलं नाही. त्या भाकर परतायला वळल्या.

मनातल्या मनात त्यांनी हिशेब केला, माणसांचा हिशेब त्यांना पटकन यायचा. गप्प राहिलं तर बाटली जाते. बाटली गेली की पिचकारी जाते, डोळा मिटणं जातं, वाऱ्याची जागा परत येते. बोललं तर गावात पत जाते आणि बाटली राहते. एका बाजूला इतकं सगळं, दुसऱ्या बाजूला फक्त पोरगी. बेरीज सोपी होती. म्हणून तर त्यांना ती परत परत करावी लागत होती.

त्या दिवशी पौर्णिमा होती, म्हणून दुपारी विहारात गर्दी झाली. कमलबाई पुजाला घेऊन गेल्या, कारण ती घरात नुसती झोपत होती. बायकांनी दोघींना बघितलं आणि न सांगता सरकल्या. दाराजवळची जागा, वारा, मोकळी सतरंजी. पुजाचं डोकं कमलबाईंच्या मांडीवर. मागून कुणीतरी म्हणालं, कमलबाई हायत ना. सगळं जसं पाहिजे होतं तसं, एकही वस्तू कमी नाही.

पंचशील घेताना सगळे हात जोडून एका आवाजात म्हणत होते. पाचव्या शिलाला आपला आवाज मोठा लावायचा, असं कमलबाईंनी येतानाच ठरवलं होतं. त्याआधी चौथं आलं, खोटं न बोलण्याचं. जन्मभर तोंडात बसलेलं वाक्य, पण निम्म्यावर त्यांचा आवाज बसला. शेजारच्या मिराबाईंनी वळून बघितलं. कमलबाईंनी खोकल्याचं सोंग केलं, तेही शिलाच्या मध्येच.

पाचवं त्यांनी म्हटलंच नाही.

वाचन सुरू झालं. कमलबाईंनी सवयीनं पुजाचा डावा हात हातात घेतला. अंगठा बाहेर, तळवा उघडा, बोटं सैल. त्या अंगठ्याकडं बघत राहिल्या. पान उलटलं, त्या बघत होत्या. कुणी पाणी फिरवलं, त्यांनी घेतलं नाही. आणि बघता बघता त्यांच्या ध्यानात आलं की आपण नुसतं लक्ष ठेवून नाही. आपण वाट बघून राहिलोय. तो अंगठा एकदा आत जावा, इथं, या सगळ्यांसमोर, आणि आपण पदराची घडी करावी.

कमलबाईंनी हात सोडून दिला, पोळल्यासारखा.

वाचन अर्ध्यावर टाकून उठलेल्या कमलबाई कुणी कधी पाहिल्या नव्हत्या. पुजाला खांद्यावर टाकून त्या घरी आल्या. चौथीतली पोर खांद्यावर जड होते, पण त्या कुठं टेकल्या नाहीत. धम्मानंद खाटेवर होता, सपना उद्यासाठी पिशवी भरत होती.

कबुली द्यायची तर मान खाली घालावी लागते. तसं कमलबाईंना जमणार नव्हतं. त्यांनी चढ्या आवाजात सुरुवात केली.

"तू लेकराला कोरडी चपाती घालतीस. हाडं दिसून राहिली तिची. मग म्या तूप घातलं तर काय झालं?"

सपनाचा हात पिशवीत तसाच राहिला. "कधी घातलं?"

"रोज. सकाळी. मलिदा. तू आंघोळीला गेली की."

"किती तूप, आत्या?"

"लेकराला घालतेत तितकं," कमलबाई म्हणाल्या, आणि मग आवाज उतरला. "जास्तच. लई जास्त."

धम्मानंद उठून बसला, काही बोलणार होता. सपनानं त्याच्याकडं नुसतं बघितलं, तो परत टेकला. तिनं फोन लावला. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, मोठा श्वास सोडला. आजींना द्या म्हणाले, आणि कमलबाईंना म्हणाले की वेळेवर सांगितलंत, नाहीतर उपयोगी पडणारं औषध आपण बंद करून बसलो असतो. तूप बंद, दूध-चपाती चालू, उद्या एकदा दाखवून जा, मग मात्रा ठरवू. कमलबाईंनी हो सर, हो सर केलं. फोन परत देताना त्यांना वाटलं की सपना आता रडेल, नाहीतर ओरडेल. दोन्हींना काय उत्तर द्यायचं ते त्यांनी वाटेतच ठरवून ठेवलं होतं.

सपना पिशवी बाजूला ठेवून म्हणाली, "पाचवं शील माझ्या अंगावर घालत होतात. मोडलं कोणतं बघा, आणि कुणाकडून."

कमलबाईंनी पदर सारखा केला.

"मोडलं न्हाई," त्या म्हणाल्या. "उशिरा पाळलं."

सपना हसली नाही. पुढचे किती तरी दिवस ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलली. रूपाबाईंच्या घरचं तूप फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर गेलं, जिथं कमलबाईंचा हात पुरत नव्हता. गुंगी उतरली. पुजा सायकलवर बसली. भिकाबाईनं गिळलेलं कौतुक परत बाहेर काढलं. सकाळी कमलबाई स्वतः चपाती लाटायच्या, रोज तेवढीच, तशीच कोरडी, आणि ताट सपनासमोर सरकवायच्या. सपना डोळा मिटून रेघ बघायची. लागायचं. अजूनही लागायचं.

दिवाळीनंतर शाळेची सहल औंढ्याला निघाली. डॉक्टरांनी जाऊ द्या म्हटलं, संध्याकाळच्या औषधाआधी पोरं परत येणार होती. दोघी तिला सोडायला शाळेपर्यंत गेल्या, मध्ये पुजा. गाडीपाशी पोचल्याबरोबर पुजानं दोघींचे हात सोडले आणि मंजुषा मॅडमचा हात धरला. आपला डावा हात त्यांच्यासमोर नाचवत ती सांगू लागली, "मॅडम, हा अंगठा असा आत गेला ना, की मला कुशीवर झोपवायचं. तोंडात काही घालायचं नाही. मी तुमच्याजवळच बसते."

कमलबाईंची सगळी मिळकत तिनं चार वाक्यात परक्या बाईला देऊन टाकली.

गाडी निघाली. पुजा खिडकीत होती, पण तोंड मॅडमकडं. हात तिनं हलवलाच नाही. कमलबाईंना लागलं, ते लागणं ओळखीचंच होतं. मग त्यांनी शेजारी पाहिलं. सपना गाडीच्या धुरळ्याकडं बघत होती. तिचा खालचा ओठ दाताखाली गेला होता, आणि पदराचं टोक बोटाला घट्ट गुंडाळलं जात होतं. सपनाची ही खूण कमलबाई कितीतरी वर्षं दारातून परत जाणाऱ्या चेहऱ्यावर बघत आल्या होत्या. त्या वेळी त्यांना तिचा अर्थ लावायची गरज वाटली नव्हती.

"त्या मॅडमचं लई वेड हाय व्हय पोरीला?" कमलबाईंनी विचारलं.

"चार दिवस झाले," सपना म्हणाली. "मॅडमनी असं सांगितलं, मॅडमनी तसं सांगितलं. जेवताना तेच, झोपताना तेच."

"उंच टाचेची चप्पल घालून आली सहलीला. लेकरामागं पळायचं कसं हिनं?"

"मी पण तेच बघत होते," सपना म्हणाली.

धुरळा खाली बसला तरी दोघी रस्त्याकडं बघत होत्या. मग कमलबाई म्हणाल्या, चल, च्या टाकते. आणि घराच्या वाटेला लागल्यावर दोघी मिळून मंजुषा मॅडमबद्दल जे बोलायला लागल्या, ते चहा दुसऱ्यांदा उकळेपर्यंत संपलं नाही.